गादो-गादो: दगडावर वाटलेले शेंगदाणे

जकार्तातल्या एखाद्या वारुंगमध्ये, म्हणजे दोन-चार बाकं आणि वर पत्रा एवढाच संसार असलेल्या खानावळीत, गादो-गादो मागितलं की पहिला प्रश्न भाज्यांबद्दल येत नाही. ‘मिरच्या किती?’ असं विचारलं जातं. गिऱ्हाईक ‘दोन’ म्हणतं किंवा ‘पाच’ म्हणतं, आणि विक्रेतीण तेवढ्याच मिरच्या मोजून दगडी ताटलीत टाकते. त्यावर मीठ, लसूण, काळपट गुळाचा खडा, चिंचेचा कोळ आणि तळलेले शेंगदाणे. वाकड्या मुठीच्या दगडी बत्त्याने ती हे सगळं घासून घासून एकजीव करते, पाण्याचा शिपका देऊन सैल करते आणि उकडलेल्या भाज्या त्याच दगडावर टाकून कालवते. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वाटण वेगळं. शेजारी बसलेल्याच्या ताटातली चव तुमच्या ताटात येत नाही.

हा पदार्थ आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर ‘इंडोनेशियन सॅलड’ म्हणून येतो, आणि तिथेच गडबड होते. सॅलड म्हटलं की गार, कच्चं, हलकं, जेवणाच्या कडेला घ्यायचं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. गादो-गादो यांपैकी काहीच नाही. भाज्या बहुतेक उकडलेल्या, सोबत अंडं, तळलेलं टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), बटाटा, भाताच्या वड्या आणि वर कुरकुरीत पापड. हे दुपारचं पूर्ण जेवण आहे आणि त्यानंतर झोप येते. शिवाय घरी करणारे लोक ‘कोणत्या भाज्या घ्यायच्या’ या प्रश्नात अडकून पडतात. भाज्या बाजारात मिळतील त्या चालतात. जकार्तातही त्या दुकानागणिक बदलतात. चुकायला जागा आहे ती शेंगदाण्याच्या सॉसमध्ये, म्हणून या प्रकरणाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

आधी थोडं गावाबद्दल. गादो-गादो जकार्ताच्या मूळ रहिवाशांचं, बेतावी लोकांचं मानलं जातं. मूळ रहिवासी हा शब्द इथे जरा सैलपणे घ्यायचा. डचांनी 1619 मध्ये जायाकार्ता जिंकून तिथे बटाविया हे बंदर वसवलं. मलय, जावानीज, सुंदानीज, बाली बेटावरचे, चिनी, अरब, पोर्तुगीज वंशाचे असे लोक तिथे आले, राहिले, एकमेकांत मिसळले. त्या मिसळणीतून बेतावी समाज घडला. त्यांच्या ताटात तीच मिसळण दिसते. टोफू चिन्यांचं. टेंपे जावाचं स्वतःचं. कोबी आणि बटाटा डचांबरोबर आले आणि लेंबांग, दिएंग अशा थंड डोंगराळ भागांत पिकू लागले. चवळीच्या लांब शेंगा, मोड आलेले मूग आणि माठ आशियातल्या कुठल्याही बाजारात शोभतील असे. शेंगदाणा आणि मिरची मात्र दोन्ही अमेरिका खंडातली, स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांचा काळ सुरू झाल्यावरच या बाजूला पोचलेली. त्यामुळे कोणी गादो-गादो हजार वर्षांपूर्वीचा राजघराण्यातला पदार्थ असल्याचं सांगितलं, तर निदान आजच्या रूपाबद्दल तरी ते खरं मानायचं कारण नाही. इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने 2018 मध्ये पाच राष्ट्रीय पदार्थ जाहीर केले. सोतो, रेंदांग, साते आणि नासी गोरेंग यांच्या रांगेत गादो-गादोलाही जागा मिळाली. पाचांत मांसाशिवाय उभा राहू शकणारा खराखुरा भाज्यांचा पदार्थ हा एकच.

शेंगदाण्यात भाज्या कालवायची सवय जावा बेटावर इतकी पसरलेली आहे की गादो-गादोची भावंडं ओळखता आली पाहिजेत, नाहीतर पाककृती शोधताना गोंधळ उडतो. पश्चिम जावातल्या सुंदानीज लोकांचं कारेदोक हे कच्च्या भाज्यांचं. त्यांचंच लोतेक उकडलेल्या भाज्यांचं. मध्य आणि पूर्व जावात पचेल. मादियुन आणि ब्लितार ही गावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पचेलमध्ये नारळाचं दूध नसतं. कंचुर नावाचा, आल्याच्या कुळातला, कापरासारख्या वासाचा कंद असतो आणि मकरूट लिंबाचं पान असतं. पचेल भाताबरोबर खातात. जकार्तातच केतोप्रक मिळतं, त्यात भाज्या कमी आणि तांदळाच्या शेवया, टोफू, लसूण जास्त. सुराबायाचं रुजाक चिंगुर तर पार वेगळ्या वाटेला जातं. त्यात पेतिस नावाचं कोळंबीचं काळं वाटण आणि गुराच्या नाकाडाचे शिजवलेले तुकडे असतात. एखाद्या पाककृतीत कंचुर दिसला की समजावं, आपण गादो-गादोच्या घरातून निघून शेजाऱ्याच्या घरात शिरलो आहोत. तोही पदार्थ वाईट नाही, पण तो दुसरा आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे बघू. मराठी माणसाला शेंगदाणा, नारळ, चिंच, गूळ आणि मिरची ही पंचकडी समजावून सांगावी लागत नाही. सणाच्या पानात डाव्या बाजूला चमचाभर वाढलं जाणारं पंचामृत याच वस्तूंचं असतं. उपासाची दाण्याची आमटी म्हणजे तर पातळ केलेला शेंगदाण्याचा सॉसच. काकडीच्या कोशिंबिरीत कूट घातल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. तेव्हा सामान घरात आहे, जिभेला चव ओळखीची आहे. गंमत अशी की ही ओळखच आड येते. हात सवयीने दोन गोष्टी करायला जातो. एक, डब्यातला भाजक्या दाण्यांचा कूट काढतो. दोन, शेवटी फोडणी द्यायला कढलं गॅसवर ठेवतो. दोन्ही मोह आवरले तर गादो-गादो होतं. नाही आवरले तर दाण्याची दाट आमटी होते आणि खाणारे विनयाने ‘छान आहे हो, आपल्यासारखंच लागतंय’ म्हणतात.

फोडणी का नको, ते सोपं आहे. मोहरी, हिंग, जिऱ्याचा वास इतका ठाम असतो की त्याखाली तळलेल्या दाण्यांचा आणि लसणीचा वास दबतो. कूट का नको, याला जरा अधिक कारणं आहेत. कोरड्या कढईत भाजताना दाण्याचा जो भाग लोखंडाला टेकतो तो करपतो आणि बाकीचा मागे राहतो. त्यातून येणारा किंचित धुरकट, डागाळलेला खमंगपणा चिवड्याला किंवा चटणीला हवा असतो, इथे नको असतो. तेलात तळताना दाणा चहूबाजूंनी सारखा तापतो, आतपर्यंत एकाच रंगाचा होतो आणि गोडसर लागतो. दुसरं म्हणजे आपला कूट मुद्दाम भरड ठेवलेला असतो. गादो-गादोच्या सॉसमध्ये दाणा इतका वाटला गेला पाहिजे की त्यातलं तेल सुटेल. शेंगदाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असतं. ते बाहेर आलं तरच सॉसला चकाकी आणि अंग येतं. जारमधलं पीनट बटर वापरायची शिफारस परदेशी पुस्तकांत पानोपानी असते. निकड असेल तर बिनसाखरेचं, बिनमिठाचं घ्या. पण ज्या राज्यात शेंगदाणे किराणा दुकानात किलोवर मिळतात तिथे हा खर्च कशाला?

चार माणसांसाठी पाव किलो कच्चे शेंगदाणे घ्यावेत, सालासकट. आधी ते परातीत पसरून नीट निवडावेत. सुरकुतलेला, काळपट, हिरवट बुरशीचा किंवा चावल्यावर कडू लागणारा दाणा टाकून द्यावा. हे केवळ चवीसाठी नाही. दमट साठवणीत शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष तयार करते, आणि ते तळून किंवा उकळून पूर्ण नष्ट होत नाही. पावसाळ्याच्या शेवटी घेतलेल्या जुन्या दाण्यांबाबत तर निवडण्याचा कंटाळा मुळीच करू नये.

मग तेल मध्यम तापवून दाणे मंद आचेवर तळायचे, सारखे हलवत. पाच-सात मिनिटांत सालाचा रंग गडद होतो आणि वास बदलतो. हवा तो रंग यायच्या जरा आधीच झाऱ्याने काढून कागदावर पसरावेत, कारण बाहेर काढल्यावरही दाणा आतल्या उष्णतेने रंगत राहतो. कढईतच पूर्ण बदामी झालेला दाणा गार होईपर्यंत कडू झालेला असतो. त्याच तेलात लसणीच्या पाच-सहा पाकळ्या आणि मिरच्या अर्धा मिनिट परतून घ्याव्यात. मिरचीबद्दल माझा सल्ला असा: रंगासाठी दोन-तीन भिजवलेल्या ब्याडगी आणि तिखटासाठी ताज्या लाल लवंगी, खाणाऱ्यांच्या हिमतीप्रमाणे. इंडोनेशियात चाबे रावित ही लहान, जहाल मिरची घालतात. तिच्या जवळ जाणारी आपली लवंगीच.

दगडाचा विषय निघाला आहे तर तोही सांगून टाकू. तिकडची ती दगडी ताटली म्हणजे चोबेक आणि बत्ता म्हणजे उलेकान. चोबेक खलासारखा खोल नसतो, उथळ आणि पसरट असतो. उलेकान कुटायला नसतो, घासायला असतो. म्हणून आपल्या खलबत्त्यापेक्षा पाटा-वरवंट्याशी त्याचं नातं जवळचं. मध्य जावात मेरापी ज्वालामुखीच्या पायथ्याशी मुंतिलान गावी या ज्वालामुखी खडकाच्या वस्तू घडवल्या जातात. सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा जन्मही लाव्ह्यातूनच झालेला, तेव्हा घरात आजीचा पाटा असेल तर तो जावाच्या दगडाचा लांबचा नातलग समजायला हरकत नाही. घासल्याने मिरची-लसणीचे तंतू फाटतात आणि दाण्याचं तेल सावकाश सुटतं. पाटा नसेल तर मिक्सर चालतो, पण एका अटीवर. आधी मिरची, लसूण आणि मीठ यांची बारीक गोळी करून घ्यायची आणि मगच दाणे घालून थांबून थांबून फिरवायचं. सगळं एकदम टाकलं तर दाण्यांचं पीठ होतं आणि मिरचीची सालं तशीच तरंगतात. दाणा पूर्ण गंधासारखा करू नये. शंभरात दहा कण दाताखाली आले पाहिजेत. गुळगुळीत सॉस हा कारखान्याचा, कणीदार सॉस हा वारुंगचा.

गोडव्यासाठी तिकडे माडाच्या किंवा आरेन नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या नीरेचा गूळ वापरतात. रंग गडद, चव थोडी खारट, थोडी जळकट. गोव्यात आणि दक्षिण कोकणात मिळणारा माडाचा गूळ हा त्याचाच प्रकार. तो मिळाला तर दुसरं काही बघू नका. (गोव्यात याच गुळात नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ आटवून नाताळात दोदोल करतात. जावातल्या गारुत गावचं दोदोलही नावाने आणि घडणीने तेच, फक्त तांदूळ चिकट जातीचा.) माडाचा गूळ नसेल तर उसाचा, पण रसायन न घातलेला काळसर गूळ घ्यावा. पाव किलो दाण्यांना 40 ते 50 ग्रॅम पुरतो. चिंच लहान लिंबाएवढी, अर्धी वाटी कोमट पाण्यात भिजवून कोळलेली.

राहिली ती एक वस्तू, जिच्यामुळे शाकाहारी वाचक हे पान उलटतील. तरासी. बारीक करंदीसारखे जीव मीठ लावून, वाळवून, कुटून, आंबवून केलेली विटकरी रंगाची वडी. कच्चा वास असा की शेजारी चौकशीला येतील. तव्यावर भाजली की तोच वास खमंग होतो आणि सॉसला एक खोली देतो, जी कुठल्याही मसाल्याने येत नाही. ज्या जिवांची तरासी करतात ते आणि आपल्या कोकणातला जवळा एकाच, असेटेस नावाच्या प्रजातीतले. म्हणून तरासी शोधत हिंडण्यापेक्षा चमचाभर सुका जवळा कोरडा भाजून मिरची-लसणीबरोबर वाटावा. आंबवलेपणा त्यात नसतो, पण समुद्र असतो. जवळा किंवा तरासी वर्ज्य असेल तर सरळ गाळून टाकावी. सगळ्याच विक्रेत्यांच्या सॉसमध्ये ती असते असंही नाही. दोन-तीन थेंब सोया सॉस घातला तर उणीव थोडी भरून निघते. बाहेर इंडोनेशियन हॉटेलात खाताना मात्र शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. ताटात फक्त भाज्या दिसतात म्हणून सॉस शाकाहारी असेलच असं समजू नये.

आता वाटण सैल करायचं. इथे दोन घराणी आहेत. जकार्ताचं उलेक घराणं, ज्यात सॉस शिजवत नाहीत. दगडावर वाटून कोमट पाण्याने पातळ केला की भाज्या कालवायच्या. आणि पूर्वेकडचं, सुराबायाकडचं सिराम घराणं, ज्यात वाटण नारळाच्या दुधात शिजवून भाज्यांवर ओततात. पाहुणे यायचे असतील आणि चार ताटं एकदम लावायची असतील तर दुसरं बरं. घरी दोघं-तिघंच असाल तर पहिलं करून बघा. शिजवलेल्या सॉसमध्ये ताज्या लसणीचा चटका हरवतो, असं मला वाटतं.

दोन्हींत पाणी घालताना एक घोटाळा होतो, त्याने घाबरू नये. वाटलेल्या दाण्यांत पहिले दोन चमचे पाणी घातलं की ते सैल होण्याऐवजी उलट घट्ट होतात, गोळा बनतात. दाण्यातली प्रथिनं आणि पिष्ट ते पाणी पटकन पिऊन फुगतात. थांबू नका, थोडं थोडं पाणी घालत घोटत राहा. एका टप्प्याला गोळा अचानक मोकळा होतो, रंग फिकट होतो आणि तेलाचे बारीक थेंब पाण्यात सामावून साईसारखा सॉस तयार होतो. सिराम पद्धतीत यानंतर एक वाटी पातळ नारळाचं दूध आणि गूळ घालून मंद आचेवर दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. कडेला तेलाचा तवंग दिसू लागला की गॅस बंद करून मग चिंचेचा कोळ घालायचा. चिंच आधी घालून भरभर उकळलं तर नारळाचं दूध फाटतं. सॉस तळाला लागतोही फार लवकर, तेव्हा मधेच फोन घ्यायला जाऊ नये.

गार होताना सॉस आणखी दाटतो. म्हणून गॅसवर असताना तो हवा त्यापेक्षा थोडा पातळ ठेवायचा, डोशाच्या पिठाइतका. मग चव बघायची, आणि ती चमच्याने न बघता उकडलेल्या कोबीच्या पानावर घेऊन बघायची. नुसता चाखला तर सॉस नेहमी जास्त खारट, जास्त गोड वाटतो. भाजीला स्वतःची चव नसल्यामुळे सॉस असाच थोडा ‘जास्त’ असावा लागतो. पहिल्यांदा गोडवा जाणवावा, लगेच आंबट, आणि घास गिळल्यावर तिखट. गोड शेवटपर्यंत रेंगाळत असेल तर चिंच कमी पडली. वाढताना वरून कागदी लिंबाचे चार थेंब पिळले तर सॉस जागा होतो. जकार्तात जेरुक लिमो हे छोटं सुवासिक लिंबू याच कामाला असतं. तिथल्या बोप्लो या नावाजलेल्या उपाहारगृहाच्या सॉसमध्ये शेंगदाण्यांबरोबर काजूही असतात. कोकणात तुकडा काजू स्वस्त मिळत असेल तर मूठभर घालून बघावा. सॉस मऊ होतो, थोडा श्रीमंत लागतो. मला स्वतःला शुद्ध शेंगदाण्याचा रांगडा सॉसच अधिक आवडतो.

भाज्यांकडे वळू. नेहमीचं पथक असं: चवळीच्या लांब शेंगा, कोबी, मोड आलेले मूग, एखादी पालेभाजी, बटाटा, काकडी. पालेभाजी म्हणून तिकडे बायाम घालतात, म्हणजे आपला माठ किंवा त्याचा भाऊबंद. इंग्रजी पुस्तकांत त्याला पालक म्हटलेलं असतं, म्हणून लोक पालक घालतात आणि तो लिबलिबीत होतो. किंवा कांगकुंग ही पोकळ देठाची पाणथळ भाजी, जिला आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात. ती मिळाली तर उत्तमच. काही बेतावी घरांत कोवळा फणस आणि कारल्याच्या चकत्याही असतात. कारलं ऐकून नाक मुरडू नये. गोड सॉसमध्ये मधूनच आलेला कडू घास फार कामाचा असतो.

प्रत्येक भाजी वेगळी उकडायची. खारट उकळत्या पाण्यात शेंगा तीन-चार मिनिटं, कोबी दोन, माठ एक, मोड तर पंधरा-वीस सेकंद. एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, पण एकामागून एक. पालेभाजी सगळ्यांत शेवटी, कारण ती पाण्याचा रंग बदलते. बाहेर काढली की लगेच गार पाण्यात टाकावी, म्हणजे शिजणं थांबतं आणि हिरवेपणा टिकतो. मूग आपण उसळीसाठी भिजवतो तसे शेपटीएवढ्या मोडाचे चालत नाहीत. त्यांना आणखी दोन-तीन दिवस अंधारात, दिवसातून दोनदा पाणी देत वाढू द्यावं, मग पांढरे, बोटभर लांबीचे, पाणीदार मोड येतात. सालं झटकून टाकायची.

आणि यानंतर बहुतेक लोक जे करत नाहीत ते करायचं: भाजी कोरडी करायची. कोबी आणि माठ हातात दाबून पिळावा, शेंगा फडक्यावर पसराव्यात. भाजीला चिकटून आलेलं पाणी ताटात उतरलं की तुम्ही तासभर खपून केलेला सॉस पाच मिनिटांत पांचट होतो. गादो-गादो ‘बरं लागलं, पण काहीतरी कमी होतं’ असं ज्यांचं मत असतं, त्यांच्या ताटात बहुधा पाणी जास्त असतं.

टोफू घट्ट घ्यावं, फडक्यात गुंडाळून अर्धा तास वजनाखाली ठेवावं आणि मोठे तुकडे सोनेरी तळावेत. त्याऐवजी पनीर घालायची आपल्याकडे पद्धत पडत चालली आहे. पनीर दुधाळ असतं आणि शेंगदाण्याच्या तेलकटपणावर आणखी एक थर चढवतं, म्हणून मी ते घालत नाही. टेंपे मोठ्या शहरांत गोठवलेलं मिळतं. सोयाबीन भिजवून, सालं काढून, शिजवून त्याला रायझोपस प्रजातीच्या बुरशीचं विरजण लावतात आणि केळीच्या किंवा सागाच्या पानात बांधून उबेत ठेवतात. दीड-दोन दिवसांत पांढऱ्या तंतूंनी दाणे एकमेकांना घट्ट धरतात. जावाच्या लोकांनी शोधलेली ही युक्ती आज जगभर पोचली आहे. इंडोनेशिया टेंपेसाठी लागणारं बहुतेक सोयाबीन आयात करतो, आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची पोतीच्या पोती तेल आणि पेंड यांसाठी जातात. लातूरच्या एखाद्या बचत गटाने हे विरजण हाती घ्यावं असं फार वाटतं. पातळ चकत्या करून मीठ-लसणीच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून तळलं की टेंपे खुसखुशीत होतं, आणि ताटात पोचायच्या आधीच निम्मं संपतं.

भाताच्या वड्या तिकडे लोंतोंगच्या असतात; लोंतोंग म्हणजे केळीच्या पानाच्या नळीत तांदूळ कोंबून तासन्‌तास उकळलेला भाताचा दांडा. घरी याची सोपी वाट आहे. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात मऊ शिजवावा, गरम असतानाच घोटून तेल लावलेल्या चौकोनी डब्यात दाबावा आणि पूर्ण गार झाल्यावर वड्या पाडाव्यात. बासमतीने हे होणार नाही. त्याचे दाणे एकमेकांशी फटकून राहतात, आणि भाताची वडी ही दाण्यांच्या सलगीवर उभी असते.

वर चुरडून घालायला क्रुपुक आणि एम्पिंग असतात. एम्पिंग मेलिंजो नावाच्या झाडाच्या बिया ठेचून केलेलं, किंचित कडवट. त्याला आपल्याकडे पर्याय नाही. क्रुपुक मात्र टॅपिओकाच्या पिठाचे असतात, आणि आपला साबुदाणाही टॅपिओकाचाच. उन्हाळ्यात केलेल्या साबुदाण्याच्या पापड्या तळून घातल्या तर कुरकुरीतपणात फरक कळत नाही. जिरं घातलेल्या पापड्या मात्र टाळाव्यात, कारण फोडणीला ज्या कारणाने बाहेर ठेवलं त्याच कारणाने.

ताट लावताना खाली भाताच्या वड्या आणि बटाटा, त्यावर भाज्या, कडेला टोफू, टेंपे आणि अर्धं कापलेलं अंडं. सॉस वरून सढळ हाताने. त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा आणि केचाप मानिस, म्हणजे गुळात आटवलेल्या घट्ट गोड सोया सॉसची एक धार. तो नसेल तर साध्या सोया सॉसमध्ये दुप्पट गूळ विरघळवून आटवून घ्यावा. पापड्या अगदी शेवटी, खाणाऱ्याने स्वतः घालाव्यात. भाज्या गार किंवा कोमट, सॉस कोमट. गरमागरम वाढायची घाई नाही. सॉस घातल्यावर मात्र ताट थांबवू नये.

उरलेल्या सॉसचं काय? नारळाचं दूध घातलेला सॉस फ्रिजमध्ये दोन दिवसांपलीकडे ठेवू नका, तो आंबतो. बिनदुधाचा पाच-सहा दिवस राहतो. काढल्यावर दगडासारखा झालेला असेल, गरम पाणी घालून घोटला की पूर्ववत होतो. पण खरी सोय पचेलवाल्यांनी शोधून ठेवली आहे. मादियुनच्या दुकानांत पचेलचं वाटण पाणी न घालता कोरडं करून विटांसारख्या वड्यांत विकतात आणि प्रवासी ते घरी नेतात. तुम्हीही दाणे तळायला बसाल तेव्हा पाव किलोऐवजी अर्धा किलो तळा. लसूण आणि मिरच्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळून घ्या, चिंच कोळून न घालता कोरडी, बिया काढलेली घ्या, आणि निम्मं वाटण असं बिनपाण्याचं करून हवाबंद बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे ते सहज टिकतं, आणि भाजी उकडेपर्यंत गरम पाण्यात कालवून सॉस तयार असतो.